जाताना रेल्वेने, येताना गाडीने

दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात गोंदियाहून सकाळी सुटणाऱ्या महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये एखादे तरी असे कुटुंब हमखास भेटते, ज्याच्याजवळ सामान म्हणून फक्त एक प्लास्टिकचा फोल्डर आणि एक कापडी पिशवी असते. फोल्डरात आधार, पॅन आणि बँकेचे मंजुरीपत्र. पिशवीत नारळ, हळदकुंकू, चार लिंबे आणि लाल कापड. परतीचे तिकीट काढलेले नसते. नागपूरला जाताना रेल्वेने, येताना स्वतःच्या गाडीने.

रेल्वेने नागपूर जेमतेम १३० किलोमीटर. कंपनी तीच, गाडी तीच, ट्रेलरवरून उतरणारा मालही एकाच कारखान्यातला, मग एवढी यातायात कशासाठी? विचारले तर डब्यातले बहुतेक जण सांगतील, ‘नागपुरात स्वस्त पडते जी.’ कधी पडते, कधी नाही. शोरूममधून मिळालेल्या कोटेशनच्या कागदातील प्रत्येक ओळ ज्याने वाचली असेल त्यालाच ते खात्रीने सांगता येते, आणि अडचण अशी की कागदाच्या तळाशी असलेला ‘ऑन-रोड’ आकडा तेवढा पाहून घडी घालण्याची सवय सगळ्यांनाच आहे.

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला गोंदिया हा आठ तालुक्यांचा जिल्हा. गाड्यांचा क्रमांक एम.एच. ३५. एका बाजूला बालाघाट, म्हणजे मध्य प्रदेश. दुसऱ्या बाजूला छत्तीसगड. आणि पश्चिमेला भंडारा ओलांडून नागपूर. भाताचा आणि राइस मिलचा हा मुलूख असल्याने इथले मोठे खर्च पंचांगाइतकेच धानाच्या चुकाऱ्यांवर चालतात. सरकारी खरेदी केंद्रावर दिलेल्या धानाचे पैसे खात्यात आले की ट्रॅक्टरची हप्ताफेड, लग्न, घराचा स्लॅब आणि मग चारचाकी. आमगाव, तिरोडा किंवा देवरीच्या माणसाला गाडी घ्यायची झाली, तर त्याच्यासमोर प्रत्यक्षात तीन बाजार असतात. गोंदिया शहर, नागपूर आणि सीमेपलीकडचे बालाघाट. तिन्ही ठिकाणी होणारे स्वागत वेगळे, बोली वेगळी आणि कागदही वेगळा.

गोंदियातली शोरूम आधी पाहू. जिल्ह्याच्या ठिकाणी सहसा एका कंपनीचे एकच दुकान असते, आणि पुष्कळदा तेही मोठ्या शहरातल्या डीलरची शाखाच असते. आत शिरल्यावर विक्रेता ‘या काकाजी’ म्हणतो, पाच मिनिटांत गाव, आडनाव आणि एखादा सामायिक सोयरा सापडतो, आणि संभाषण मराठीतून हिंदीत, हिंदीतून पोवारीत सहज सरकते. हा आपलेपणा खोटा नसतो. हाच मुलगा उद्या बाजारात भेटणार आहे, पुढच्या वर्षी सर्व्हिसिंगला गेल्यावर ओळख दाखवणार आहे. पण समोरच्या चौकात त्याच कंपनीचे दुसरे दुकान नसल्याने भाव पाडण्याची त्याला घाई नसते. शिवाय हवा तो रंग, हवे ते मॉडेल उभे असेलच असे नाही. टेस्ट ड्राइव्हची गाडी कधी गियरची असते, कधी ऑटोमॅटिक; दोन्ही चालवून तुलना करायची झाली तर ‘नागपूरहून मागवून ठेवतो’ असे उत्तर मिळते.

नागपुरात वर्धा रोड आणि कामठी रोडवरून नुसते एक चक्कर मारले तरी फरक कळतो. एकाच कंपनीचे दोन-तीन डीलर एकमेकांच्या टप्प्यात बसलेले. कॉफी येते, एसीची हवा येते, ‘सर’ आणि ‘मॅडम’ होते. ‘काकाजी’ मात्र कोणी म्हणत नाही. दुसऱ्या डीलरचा कागद टेबलावर ठेवला की विक्रेता तो उचलतो, भुवई उंचावतो आणि आत मॅनेजरकडे जातो. तो परत येईपर्यंतची दहा मिनिटे हा गाडी विक्रीतला जगभर चालणारा जुना प्रयोग आहे. गिऱ्हाइकाने तेवढ्या वेळात पुन्हा एकदा गाडीत बसून स्टिअरिंगवर हात फिरवावा, एवढीच त्या दहा मिनिटांची अपेक्षा असते.

स्पर्धेमुळे सवलत मिळते हे खरे. पण डीलरने किती सवलत द्यावी, हे त्याच्या एकट्याच्या हातात असते का? याचे उत्तर भारतीय स्पर्धा आयोगाच्या एका निकालात सापडते, आणि त्या प्रकरणाचा उगम आपल्याच भागातला आहे. मारुती सुझुकीच्या विक्रीच्या भाषेत ‘वेस्ट-२’ म्हणजे महाराष्ट्र. या विभागातला डीलर असल्याचे सांगणारा एक निनावी ई-मेल आयोगाकडे गेला. कंपनीने ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त सूट दिली तर आम्हाला दंड होतो, अशी तक्रार त्यात होती. चौकशीत जे पुढे आले ते एखाद्या गुप्तहेरकथेत शोभावे असे आहे. कंपनीने नेमलेल्या संस्थांची माणसे गिऱ्हाईक बनून शोरूममध्ये जात, घासाघीस करत आणि जादा सूट मिळाली की त्याचा ध्वनिमुद्रित किंवा चित्रित पुरावा कंपनीला देत. दंड डीलरला होई आणि विकणाऱ्या मुलालाही होई. २३ ऑगस्ट २०२१ रोजी आयोगाने कंपनीला २०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपनीने निकालाविरुद्ध अपील केले. त्याआधी २०१७ मध्ये ह्युंदाईलाही अशाच स्वरूपाच्या आरोपावरून ८७ कोटींचा दंड झाला होता. तो पुढच्या वर्षी अपील लवादाने रद्द केला. कायद्याचा शेवट काहीही होवो, ‘वरून परवानगी नाही हो साहेब’ हे वाक्य दरवेळी नाटकच असते असे नाही, एवढे यातून कळते.

मर्सिडीज-बेंझने २०२१ च्या ऑक्टोबरपासून भारतात वेगळीच वाट धरली. गाड्यांचा साठा कंपनीचाच, बिलही कंपनीचेच, देशभर किंमत एक. डीलरने गाडी दाखवायची, ताबा द्यायचा आणि आपला मोबदला घ्यायचा. गोंदियात याचा कोणाला उपयोग, असे कोणी म्हणेल. पण घासाघीस नावाची गोष्टच काढून टाकता येते, हे दाखवणारा तो नमुना आहे.

आता कागद उलगडायचा. आठ लाख रुपये एक्स-शोरूम किंमत असलेली, बाराशे सीसीच्या आतली पेट्रोल गाडी धरू. ही किंमत कंपनी ठरवते आणि तिच्यात जीएसटी आलेला असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आत लांबी आणि १२०० सीसीच्या आत इंजिन असलेल्या पेट्रोल गाड्यांवरचा कर १८ टक्क्यांवर आला; त्याआधी उपकरासह तो २९ टक्के होता. तो दिवस नवरात्रातला पहिला. पितृपक्षात गाडी न घेण्याची आपली जुनी रीत त्या वर्षी सरकारनेही पाळली, असे गमतीने म्हणायला हरकत नाही.

पुढची ओळ राज्याच्या वाहनकराची, म्हणजे एकरकमी ‘टॅक्स’ची. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरच्या पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, २० लाखांपर्यंत १२ आणि त्यावर १३. डिझेलला १३, १४ आणि १५ टक्के. आठ लाखांवर ८८ हजार. हा आकडा गोंदियातही तोच आणि नागपुरातही तोच. नोंदणीची सरकारी फी ६०० रुपये, बँकेचा बोजा चढवायचे १,५०० रुपये. आणि तरीही अनेक कोटेशनांत ‘आरटीओ खर्च’ असा एकच गोल आकडा लिहिलेला असतो. त्याची फोड मागितली की कधीकधी तीन-चार हजार रुपये आपोआप विरघळतात. ‘हँडलिंग’ किंवा ‘लॉजिस्टिक्स’ नावाची ओळ आली तर तिच्यावर बोट ठेवावे. या नावाचा कुठलाही सरकारी आकार नाही. गिऱ्हाइकाने हरकत घेतली नाही तर लागतो आणि घेतली तर बहुधा उतरतो, असा तो विलक्षण आकार आहे.

दहा लाखांच्या वरच्या गाडीवर आणखी एक ओळ दिसते, एक टक्का टीसीएसची. बारा लाखांच्या गाडीला बारा हजार. हा खर्च नव्हे, आयकराचा आगाऊ भरणा आहे. विवरणपत्र भरले की वळता होतो. धान विकून गाडी घेणाऱ्या कित्येकांना शेतीचे उत्पन्न करमुक्त म्हणून विवरणपत्र भरण्याची सवय नसते. त्यांचे ते बारा हजार सरकारजमा होतात आणि कोणाला पत्ताही लागत नाही.

खरा खेळ विम्याच्या ओळीत आहे. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. त्याचा हप्ता सरकार ठरवते. हजार ते दीड हजार सीसीच्या गाडीला तीन वर्षांचे १०,६४० रुपये, त्यावर जीएसटी. ते सगळीकडे सारखेच. पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा एक वर्षाचाच घेतला तरी चालतो आणि तो कोठूनही घेता येतो. डीलरने आपल्याकडूनच विमा घेण्याची सक्ती करू नये, असे विमा नियामकाचे नियम सांगतात. प्रत्यक्षात ‘विमा बाहेरून घेतला तर सवलत नाही’ हे वाक्य गोंदियापासून मुंबईपर्यंत एकाच चालीत ऐकू येते. सवलत म्हणून दिलेले पंधरा हजार विम्याच्या फुगलेल्या हप्त्यातून परत घेतले जातात, आणि गिऱ्हाईक आनंदात घरी जाते.

यात डीलरची बाजूही आहे. नुसती गाडी विकून त्याच्या हाती फार थोडे उरते. शोरूमचे भाडे, यार्डात उभ्या मालावरचे बँकेचे व्याज आणि पोरांचे पगार तो विमा, कर्ज, सीट कव्हर, अंडरबॉडी कोटिंग, वाढीव वॉरंटी आणि एक्स्चेंजमध्ये घेतलेल्या जुन्या गाडीतून काढतो. म्हणून विक्रेत्याला जेवढी आस्था बुकिंगची, तेवढीच आपल्याकडच्या फायनान्सची. सहा लाखांचे कर्ज पाच वर्षांसाठी ९ टक्क्यांनी घेतले तर हप्ता सुमारे १२,४५५ रुपये. साडेनऊने घेतले तर १२,६००. महिन्याला १४५ रुपयांनी काय होते? साठ हप्त्यांत पावणेनऊ हजार होतात. शोरूमच्या टेबलावर मिळालेल्या सीट कव्हरपेक्षा ते जास्त असतात.

बालाघाटचा मोह वेगळा. गोंदियाहून रावणवाडीमार्गे तासाभराचे अंतर, नातेसंबंध दाट, आणि दोन राज्यांच्या वाहनकराचे दर वेगवेगळे. गाडी तिथून आणून गोंदियाच्या पत्त्यावर नोंदवता येते. मात्र ती तात्पुरत्या नोंदणीवर आणायची आणि कर महाराष्ट्राचाच भरायचा. म्हणजे वाचलेच तर डीलरच्या सवलतीतले वाचते, करातले नाही. मामाच्या पत्त्यावर एम.पी. ५० क्रमांक घेऊन गाडी कायम आमगावात फिरवणारेही आहेत. १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ दुसऱ्या राज्यात वाहन ठेवले तर तिथला क्रमांक घ्यावा लागतो, हे त्यांना नाक्यावरचा पोलीस सांगतो. नागपूरच्या बाबतीत हा त्रास नाही. एकाच राज्यात असल्याने तिथून घेतलेल्या गाडीला गोंदियाच्या पत्त्यावर एम.एच. ३५ मिळतो आणि अर्जही डीलरच करतो.

शोरूमच्या दारातली वागणूक हा निराळाच धडा. जानेवारी २०२२ मध्ये कर्नाटकातल्या तुमकुरूजवळचा एक शेतकरी मित्रांसह पिकअप घ्यायला गेला. खिशात दहा रुपये तरी आहेत का, अशा अर्थाचे विक्रेत्याने सुनावले. शेतकऱ्याने तासाभरात दहा लाख आणून समोर ठेवले आणि आजच्या आज गाडी द्या म्हणाला. चित्रफीत देशभर फिरली, पुढे माफी मागितली गेली, गाडीही मिळाली. गोंदियातल्या बांधावरही ती गोष्ट चवीने सांगितली गेली. फक्त एक तपशील कोणी सांगत नाही. २०१७ पासून आयकर कायद्याने कोणालाही एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारता येत नाही. त्यामुळे पिशवीतले दहा लाख मोजून घेणारा डीलर मोठेपणा दाखवत नसतो, दंड ओढवून घेत असतो.

माणूस पाहून भाव सांगण्याची खोड मात्र भारतापुरती नाही. इयन आयर्स या अमेरिकी कायदेतज्ज्ञाने शिकागो परिसरातल्या ९० डीलरांकडे सारख्याच पेहरावाची, सारखेच बोलायला शिकवलेली माणसे पाठवली. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात गोऱ्या पुरुषांना सर्वांत कमी भाव सांगितला गेला. गोऱ्या स्त्रियांना, कृष्णवर्णीय पुरुषांना आणि त्याहून अधिक कृष्णवर्णीय स्त्रियांना चढा. आणि हे घडत होते ते अशा देशात, जिथे प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर किमतीची फोड चिकटवणे १९५८ पासून सक्तीचे आहे. तो कायदा आणणाऱ्या सिनेटर मनरोनींच्या नावानेच तो कागद ओळखला जातो. आपल्याकडे गाडीच्या काचेवर तसे काही नसते. एक्स-शोरूम किंमत माहितीपत्रकातून किंवा मोबाइलवरून आपणच काढून न्यायची.

गाडी किती जुनी आहे, हा प्रश्न ‘नवी’ गाडी घेताना विचारायला लोक लाजतात. गोव्यातल्या एका ग्राहकाने तो विचारला. २०११ चे मॉडेल म्हणून पैसे भरले आणि ताबा घ्यायला गेला तर गाडी निघाली २००९ मध्ये बनलेली, ६२२ किलोमीटर चाललेली, खालून गंजलेली. त्याने ताबा नाकारला आणि ग्राहक मंचात गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत चढले. १८ फेब्रुवारी २०२१ रोजी न्यायालयाने टाटा मोटर्सला जबाबदारीतून मोकळे केले आणि डीलरवर ती कायम ठेवली. कंपनी आणि डीलर यांचे नाते दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांचे आहे, डीलरने केलेल्या फसवणुकीची माहिती कंपनीला होती असे सिद्ध झाले नाही, हे त्यामागचे कारण. कंपनीचा बोर्ड पाहून निश्चिंत होणाऱ्यांनी हा निकाल लक्षात ठेवलेला बरा. पैसे कंपनीला जात नाहीत, त्या दुकानाला जातात.

उत्पादनाचा महिना आणि वर्ष विक्रीच्या प्रमाणपत्रावर, म्हणजे फॉर्म २१ वर असते. चॅसिस क्रमांकातही ते सांकेतिक अक्षरांत दडलेले असते, फक्त प्रत्येक कंपनीची जागा निराळी. डिसेंबरात बनलेली गाडी महिन्याभरात कागदोपत्री एक वर्षाने म्हातारी होते. म्हणूनच वर्षअखेरीस सवलती वाढतात आणि म्हणूनच दहा वर्षे गाडी वापरणाऱ्याला त्या फायद्याच्या, तर तीन वर्षांनी विकणाऱ्याला तेवढ्या नाहीत.

नागपूरच्या डीलरशी वाकडे आले तर खेटे नागपूरलाच घालावे लागतील, ही भीती गावाकडे मोठी. ती आता निराधार आहे. २०२० मध्ये लागू झालेल्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करण्याची मुभा दिली. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगच ऐकतो. पाच लाखांपर्यंत फी नाही, दहापर्यंत २०० रुपये, वीसपर्यंत ४००. म्हणजे वर्धा रोडवरच्या चकचकीत शोरूमच्या मालकाला तारखेसाठी गोंदियाला यावे लागेल.

पण सर्व्हिसिंगला जायचे कुठे, हा मुद्दा उरतोच, आणि गोंदियाच्या गिऱ्हाइकाने तो सर्वांत आधी धरावा असा आहे. वॉरंटी कंपनीच्या कुठल्याही अधिकृत वर्कशॉपात चालते. गाडी नागपूरची असली तरी गोंदियातल्या वर्कशॉपने ती नाकारायचे कारण नाही. प्रश्न वर्कशॉप आहे की नाही याचा आहे. एखाद्या नव्या, दिसायला झकास परदेशी कंपनीची गाडी नागपुरातून आणली आणि जवळचे वर्कशॉपही नागपुरातच, तर सालेकशाच्या माणसाला दर वेळी गाडीसोबत एक अख्खा दिवस द्यावा लागतो. अपघातानंतर क्रेनवर चढवून न्यायची झाली तर नागपुरात वाचलेले दहा हजार एका फेरीत जातात. रस्त्यावर कोणत्या गाड्या जास्त दिसतात याकडे गावचे लोक पाहतात, ते नुसत्या अनुकरणापोटी नव्हे. त्या गाडीचा मिस्त्री आणि तिचे सुटे भाग जवळपास मिळतात, असा त्याचा अर्थ असतो.

म्हणून आता काही जण वेगळी रीत धरतात. नागपुरातल्या दोन डीलरांकडून फोड केलेले कोटेशन मोबाइलवर मागवायचे, छापून घ्यायचे आणि गोंदियातल्या शोरूममध्ये त्याच ‘काकाजी’ म्हणणाऱ्या मुलासमोर ठेवायचे. इंधन, तिकीट, दिवसभराची खोटी आणि दोनदा जाणे हे सगळे धरून चार-पाच हजारांचा फरक असेल तर सौदा गावातच होतो. दोनदा जाणे यासाठी की क्रमांक लागल्याशिवाय गाडी ताब्यात द्यायची नाही असे कायदा सांगतो, आणि सकाळी पैसे भरून संध्याकाळी गाडी हे आता सहसा घडत नाही. फरक वीस-पंचवीस हजारांचा असेल, तर महाराष्ट्र एक्सप्रेस आहेच.

ताब्याच्या दिवशी शोरूममध्ये लाल रेशमी आच्छादन ओढले जाते, केक कापला जातो, लाकडी फ्रेमइतकी मोठी किल्ली हातात देऊन फोटो निघतो. घरची बाई बोनेटवर स्वस्तिक काढते, चार चाकांखाली चार लिंबे ठेवली जातात. त्या गडबडीत हल्ली एखादा शिकलेला भाचा मोबाइलचा टॉर्च लावून वाकलेला दिसतो. तो चॅसिसवरचे सतरा अक्षरे-आकडे फॉर्म २१ शी ताडून पाहत असतो, मग टायरवरचा उत्पादनाचा आठवडा वाचतो, मग ओडोमीटर. ‘बावा, पूजा होऊ दे ना आधी,’ म्हणून मामी रागावते. ‘हव मामी, दोनच मिनिटं,’ म्हणत तो शेवटचे चार आकडे पुन्हा मोठ्याने वाचतो, आणि विक्रेता चारही लिंबांवरून गाडी पुढे घेण्याची वाट पाहत उभा राहतो.